आगीतला चेहरा

पितरांच्या दहा दिवसांपैकी पाच सरले होते. सहाव्या सकाळी, ऊन चढायच्या आत, आझरमी गाढवावर खरबुजांच्या दोन टोपल्या लादून माहेरच्या दारात उतरली. आईने दार उघडलं, लेकीच्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली घेतली. गेल्या वर्षी गाढवाचा दोर लेकीच्या मुलाच्या, मेहरयारच्या हातात होता. तो असा मागून येईल असं म्हातारीला अजून वाटायचं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटायची.

घर चुन्याने पांढरंशुभ्र झालं होतं. गालिचे मुरघाबच्या कालव्यावर धुऊन आणले होते. पितर दहा दिवस घरी येतात, तेव्हा त्यांना धूळ दिसू नये यासाठी अनोशग, म्हणजे आझरमीच्या भावाची, माहबोझानची बायको, पहाटेपासून कंबर मोडून राबत होती. तिने नणंदेच्या टोपल्या उतरवून घेतल्या, बसायला दिलं, पाणी दिलं, पण डोळ्याला डोळा काही दिला नाही. आझरमीला ते जाणवलं. तिला वाटलं, एकुलता मुलगा गेलेल्या बाईसमोर आपला धडधाकट मुलगा घेऊन वावरणं वहिनीला जड जात असेल.

यंदा पितरांत मेहरयारचं नाव पहिल्यांदा घ्यायचं होतं. द्राक्षं उतरल्यावर सैन्यभरतीची यादी वाचली गेली, त्यात त्याचं नाव निघालं. सरहद्दीवर चालून येणाऱ्या हेफ्तालांशी लढायला गेलेल्या फौजेतले निम्मे लोक वसंतात परत आले, त्यांतल्या एकाने त्याला वाळूत पडताना पाहिलं होतं. देह मिळाला नाही. धाकटा भाऊ वेहशापूर मोबेद, म्हणजे अग्नीचा पुरोहित होता, शहराच्या अग्निगृहात मोठ्या मानाच्या जागी होता; त्याने देहावाचून तीन दिवसांचे विधी करता येतात असं सांगितलं आणि केलेही. आझरमीने सगळं मुकाट्याने पार पाडलं. तिचा राग तेव्हा कुणावरच नव्हता. मरण हे रानातल्या गारांसारखं, कुणाच्या शेतावर पडतील ते कुणी सांगावं.

पितरांच्या खोलीत ती एकटीच गेली. चौरंगावर पाण्याची भांडी, फुलं, डाळिंबं, मधोमध आगीचं लहानसं पात्र, आणि त्यासमोर चांदीची थाळी. या घराची एक रीत होती. थोरले आजोबा इस्तख्रहून हत्यारांची पेटी घेऊन मर्वला आले, तेव्हापासून शहराच्या टांकसाळीचे ठसे याच घराने कोरले. नवा ठसा तयार झाला की त्यातून उमटलेलं पहिलं नाणं त्या वर्षी पितरांसमोर ठेवायचं. तुमचा हात आमच्यात अजून चालतो, एवढं त्यांना कळवायचं. थाळीत आज एक कोरा करकरीत दिरम होता.

तिने तो सवयीने उचलला. एका बाजूला मुकुट घातलेले शहेनशाह. तिने नाणं उलटलं. मधे वेदी, वेदीवर ज्वाळा, दोन बाजूंना भाले घेऊन उभे असलेले रक्षक, आणि ज्वाळांमध्ये तो चेहरा, सगळ्या मर्वला पाठ असलेला, आगीतला चेहरा. लहानपणी ती वडिलांच्या मांडीशी बसून मेणात तोच चेहरा पुन्हा पुन्हा काढायची. बाबांचा, आदुरफर्नचा, या एका गोष्टीत फार कडक दंडक होता. राजा राजासारखा दिसला पाहिजे, रक्षक रक्षकांसारखे. पण आगीतला चेहरा कुणासारखाही दिसता कामा नये. तो आगीचा आहे. ज्या दिवशी तो ओळखू येईल, त्या दिवशी लोक आगीला सोडून माणसाला हात जोडायला लागतील.

हा चेहरा ओळखू येत होता.

ती नाणं घेऊन दाराच्या उजेडात गेली. मसुराच्या दाण्याएवढा चेहरा, पण कोरणाऱ्याचा हात उत्तम होता, काही राहिलं नव्हतं. नाक मध्यावर मोडून डावीकडे झुकलेलं. चौगान खेळताना घोड्यावरून पडून असं नाक मोडून घेतलेला माणूस मर्वमध्ये एकच होता, आणि तो सुभेदार वराझ होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती ओरडली नाही. तिने आधी नाणं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, मग अंगणात येऊन शांतपणे विचारलं की माहबोझान कुठे आहे.

माहबोझान मागच्या पडवीत होता. टांकसाळ पाच दिवस बंद असायची आणि ठसे पेटीत घालून साफसफाईला घरी यायचे, हाही या घराचा जुना मान. त्याचा मुलगा बुर्झिन काशाच्या ठशांना तेल लावत होता. बावीस वर्षांचा, आजोबांचा हात घेऊन आलेला. वेहशापूर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भिंतीला टेकून खरबुजाच्या फोडी खात होता. आझरमीने गाठ सोडली आणि नाणं भावाच्या पुढ्यात ठेवलं.

"हा कोण आहे?"

माहबोझानने नाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, आगीतला चेहरा आहे, दुसरं कोण असणार. तिने तेच पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला की ताई, तू उन्हातून आली आहेस, जरा बस.

"मी बसायला आले नाही. बाबांच्या थाळीत तू सुभेदाराला बसवलंस. मी कोण आहे ते विचारतेय, तर निदान नाव तरी घे त्याचं."

बुर्झिनने तेलाचा बोळा खाली ठेवला. ठसा त्यानेच कोरला होता. बापाने मेणाचा नमुना दिला आणि त्याने तो उतरवला. नाक ओळखू आलं नाही असं तो म्हणाला नाही. सुभेदारांचा हुकूम आहे, एवढंच त्याला सांगितलं गेलं होतं, आणि हुकमावर प्रश्न विचारण्याची टांकसाळीत रीत नव्हती.

मग वेहशापूर बोलला. तो नेहमी असाच, सगळ्यांचं बोलणं संपल्यावर, हात पुसून बोलायचा. त्याने समजावून सांगितलं की शास्त्रात याला बाध नाही. ज्वाळांमध्ये जे दिसतं ते तेज. तेज कधी शहेनशाहांवर उतरतं, कधी त्यांच्या वतीने सरहद्द राखणाऱ्यावर. सुभेदार हेफ्तालांना थोपवून आहेत, त्यांच्यावर तेजाचा अंश नाही असं कोण म्हणेल. मोठ्या अग्निगृहाच्या छपरासाठी देवदार त्यांनीच आणवले. त्याने स्वतः या ठशावर प्रार्थना म्हटली होती.

आझरमीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी होती. त्याला पाळण्यात हलवून तिनेच निजवलं होतं.

"शापूर, बाबा असते तर हे त्यांच्यासमोर म्हणाला असतास?"

तो म्हणाला, बाबांचा काळ वेगळा होता.

"काळ वेगळा होता म्हणू नकोस. बाबांच्या काळीही सुभेदार होते, आणि त्यांनाही नाकं होती."

बुर्झिनला हसू आलं, ते त्याने दाबलं. आई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली होती. तिने आधी लेकाची बाजू घेतली. सणाच्या दिवसांत पितर ऐकत असताना भांडू नये, म्हणाली. सुभेदाराशी वैर धरून टांकसाळीत कुणी टिकलं आहे का, म्हणाली. नाण्यावरचं चित्र लोक बघतात कुठे, ते चांदी बघतात. आझरमीला हे लागलं. आईनेच, दीनगनेच तर साठ वर्षं बाबांच्या टाक्यांना धार लावली होती. पण ती एवढंच म्हणाली की आई, मला एक कळू दे, सुभेदाराने हुकूम दिला आणि याने ऐकला, एवढंच झालं का? हुकूम देणारा बदल्यात काही देत असतो. याला काय मिळालं?

वेहशापूरने फोड उचलली आणि परत ठेवली. आझरमीला वाटलं, देवदारावरून शापूरच्या पदरात काय पडलं ते तर समजलंच, पण माहबोझान तर देवदाराच्या छपरावर भुलणारा नाही. तो तसा भित्रा, पण लोभी नव्हता. ती अनोशगकडे वळली. अनोशग पडवीच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

अनोशगच बोलली. नवऱ्याने नको नको म्हणून हात केला तरी बोलली, कारण दहा महिने पोटात ठेवलेलं आता तिला ठेववत नव्हतं. यादी टांकसाळीच्या अंगणातच तयार झाली होती. सुभेदार स्वतः बसले होते. बुर्झिनचं नाव लिहिलं गेलं तेव्हा माहबोझानने पुढे होऊन विनवलं की हा माझा कामगार आहे, याच्याशिवाय ठसे थांबतील. सुभेदारांनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, ठीक, मग आमचंही एक काम कर. आणि नाकाला हात लावून हसले.

आझरमीने हे मनात एकदा फिरवून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं की त्या अंगणात, त्याच वेळी, आणखी एक कामगार उभा होता. मेहरयारने आजोबांच्या हाताखाली पाच वर्षं चांदीच्या चकत्या तापवून दिल्या होत्या. त्याचंही नाव त्याच दुपारी लिहिलं गेलं. संध्याकाळी माहबोझान तिच्या घरी येऊन सांगून गेला होता, ताई, सुभेदाराच्या हुकमापुढे कुणाचं चालतंय. तिने त्याला त्या संध्याकाळी जेवू घातलं होतं.

"मेहरयारसाठी तू मागितलंस का?" तिने विचारलं.

माहबोझान जमिनीकडे बघत राहिला.

"मागितलं आणि तो नाही म्हणाला, की मागितलंच नाहीस?"

"दोघांसाठी मागायला धीर झाला नाही, ताई." तो म्हणाला. "वाटलं, दोन मागितले तर एकही द्यायचा नाही."

आता आझरमी बसली. बुर्झिन उठून उभा राहिला होता. आपण वाचलो ते नशिबाने, असं त्याला वाटत होतं. यादीत आधी नाव होतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो बापाकडे बघत होता आणि बाप त्याच्याकडे बघत नव्हता. म्हातारी दीनग दारातून चार पावलं पुढे आली, काठी खाली टाकली आणि लेकीशेजारी जमिनीवर बसली. लेकाची बाजू तिने त्या घटकेला सोडली.

पण अनोशगने सोडली नाही. ती नणंदेसमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. ती म्हणाली की वन्सं, तुम्हाला राग आला तो बरोबर आहे, मारा हवं तर मला. पण एक विचारते, खरं सांगा.

"त्यांनी मेहरयारसाठी मागितलं असतं, आणि बदल्यात हाच ठसा कोरावा लागला असता, तर तुम्ही नको म्हणाला असतात?"

आझरमीने उत्तर शोधलं. तिला एक उत्तर तोंडपाठ होतं, बाबांच्या दंडकाचं. ते तिच्याच्याने बोलवेना.

"नसते म्हणाले," ती म्हणाली. "हातात टाकी घेऊन मीच कोरला असता. म्हणून तर चीड येतेय मला, अनोशग. असं काही आईपुढे ठेवूच नये कुणी. त्या माणसाने आमच्याच पोरांची किंमत म्हणून आमचीच आग मागितली, आणि तुम्ही त्याला वाकून धन्यवाद देऊन आलात."

मग वेहशापूरला वाटलं, आता सांधायची वेळ झाली. त्याला तिचं वाईट वाटत होतं हे खरं होतं, तो दगड नव्हता. तो जवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला की एक मार्ग आहे. सुभेदारांचा ठसा हवं तर वर्षभर चालेल. पुढच्या वर्षी दुसरा ठसा कोरू, आणि त्यात ज्वाळांमध्ये मेहरयारचा चेहरा घालू. बुर्झिनला तो चांगला आठवतो. कुणाला कळणार नाही, पण समरकंदपर्यंत, पार राजधानी तिसफूनपर्यंत, हाताहातांतून तो फिरेल. देह मिळाला नाही, पण चेहरा राहील.

आझरमीच्या छातीत काहीतरी हललं. तिला मेहरयारची जुळलेली भुवई दिसली, हनुवटीवरचा खळगा दिसला. लाखो नाणी. कुठल्याशा बाजारात कुणीतरी म्हातारी दिरम मोजून घेताना अंगठा त्या भुवईवरून फिरवेल. ती काही क्षण तिथे, त्या बाजारातच, जाऊन आली. धाकट्या भावाने तिच्या डोळ्यांत ते ओळखलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

त्या हाताने ती परत आली.

"माझा मुलगा देऊन झाला," ती म्हणाली. "आता त्याचा चेहरा मला विकू नकोस. उठ माझ्यासमोरून, शापूर, नाहीतर मी तुझ्या पांढऱ्या कपड्यांची पर्वा करायची नाही."

तो उठला. अंगणात जाऊन उभा राहिला, आणि थोड्या वेळाने अग्निगृहाकडे निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

आझरमीने पेटीतून तो ठसा काढला. माहबोझान म्हणाला की ताई, नव्या वर्षाच्या सकाळी सुभेदारांच्या देखत पहिला घाव याच ठशावर पडायचा आहे. चाळीस नाणी चाचणीची काढून झाली आहेत, त्यांनी पाहून मान डोलावली आहे. चेहरा बदलला तर बुर्झिनचं नाव दुसऱ्या दिवशी यादीत असेल. तो रडकुंडीला आला होता. आझरमी ठसा हातात धरून उभी राहिली. बुर्झिन मरावा असं तिला तिळमात्र वाटत नव्हतं. मेहरयारबरोबर एका खाटेवर निजलेला मुलगा तो.

बुर्झिननेच निकाल लावला. तो म्हणाला, आत्या, दे इकडे, मी घडवलं ते मीच मोडतो. नाव लिहायचं तर लिहू दे. मेहरयारचं लिहिलं तेव्हा माझंही लिहिलेलंच होतं.

"त्याच्या हाताने नको," अनोशग म्हणाली. ती आता रडत होती, पण बोलणं स्पष्ट होतं. "हात लागायचा तर तुमचा लागू दे, वन्सं. विचारलं तर सांगता येईल, आत्याने केलं म्हणून."

आझरमीला तिचा राग आला नाही. आई अशीच असते. तिने ठसा शिकंज्यात घातला, बुर्झिनने शिकंजा धरला, दीनगने बाबांची बारीक टाकी स्वतः धार लावून दिली. टांकसाळीने बाईच्या हातात टाकी कधी दिली नव्हती, पण घरात बाबांनी दिली होती. काम सोपं नव्हतं. ठशात चेहरा उलटा आणि खोल असतो. नाण्यावर जो उंचवटा, तो ठशात खड्डा. खड्डा बुजवता येत नाही. नाक काढायचं तर गाल, कपाळ, हनुवटी, सगळंच नाकाइतकं खोल न्यावं लागतं, तेव्हा कुठे नाक चेहऱ्यात बुडतं. दुपार सरेपर्यंत ती कोरत होती. घाम टाकीवर ठिबकत होता, अनोशग तो पुसत होती. शेवटी बुर्झिनने मेण दाबून छाप काढला. चेहरा पूर्वीपेक्षा मोठा, जड दिसत होता. पण तो कुणाचाच नव्हता.

माहबोझान सबंध वेळ पडवीच्या पायरीवर पाठ करून बसला होता. आझरमीने कोरताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं. तो उठून सुभेदाराकडे जाईल, असं तिला वाटत होतं. तो गेला नाही.

उरलेले चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वेहशापूर आलाच नाही. पितरांची नावं शेजारच्या म्हाताऱ्या मोबेदाने घेतली, आणि मेहरयारचं नाव त्याने नीट उच्चारलं. थाळी त्या वर्षी रिकामी राहिली.

नव्या वर्षाच्या सकाळी टांकसाळीच्या अंगणात सगळं शहर लोटलं होतं. पुरुष ऐरणीभोवती, बायका भिंतीच्या सावलीत. आझरमी आईचा हात धरून उभी होती. सुभेदार वराझ आला, हिरवा रेशमी अंगरखा, सोन्याचा पट्टा, आणि ते नाक. वेहशापूर त्याच्या डाव्या हाताला होता. त्याने बहिणीला पाहिलं, पण सुभेदाराला काही सांगितलं नव्हतं. ते तिला वराझच्या खुशाल हसण्यावरूनच कळलं. एवढ्यापुरता तो आपल्या घराचा राहिला होता.

माहबोझानने ठसे लावले, चकती ठेवली. घणकऱ्याने घण हाणला. माहबोझानने दिरम पाण्यात विझवून पुसला आणि दोन्ही हातांनी सुभेदाराला दिला. वराझने शहेनशाहांची बाजू कपाळाला लावली, मग उलटून पाहिलं. बघत राहिला. त्याने अंगठ्याने चेहरा पुसला, जणू काही चिकटलं असावं. हसू हळूहळू गेलं. एवढ्या लोकांत तो विचारणार तरी काय? माझा चेहरा कुठे गेला, असं?

तो माहबोझानकडे झुकून हलक्या आवाजात बोलला. भिंत जवळ होती म्हणून आझरमीला शब्द आले.

"उद्या हेरातला तुकडी निघतेय. तुझ्या मुलाला निरोप घ्यायला सांग."

आझरमीने आईच्या हातातून आपला हात सोडवला. आता पुढे होऊन, हे मी केलं, असं सांगायचं तिने ठरवलंच होतं. तिने पाऊल उचललं. पण माहबोझान आधीच बोलत होता. तो मान खाली घालूनच उभा होता, हात जोडलेले होते, आवाज नोकराचा असावा तसाच होता.

"हुकूम, मालक. फक्त एक विचारायचं होतं. दरवर्षी तिसफूनला शहेनशाहांच्या खजिनदाराकडे नमुन्याची नाणी जातात. यंदा माझ्याकडे दोन तऱ्हेची आहेत. हे आजचं. आणि चाचणीची चाळीस, जुन्या ठशाची. त्यांतलं कोणतं पाठवू?"

वराझ त्याच्याकडे बघत राहिला. शहेनशाहांच्या चांदीवर, शहेनशाहांच्या आगीत स्वतःचं नाक बसवणाऱ्या सरहद्दीच्या सुभेदाराला तिसफूनमध्ये काय म्हणतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ती चाळीस कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"जपून ठेवली आहेत, मालक. माझ्या घरी नाहीत."

गर्दीला वाटलं, मालक आणि कारागीर कामाचं बोलत आहेत. वेहशापूरच्या कपाळावर घाम आला होता. वराझने आजचा दिरम मुठीत मिटला आणि पुन्हा उघडला.

"हाच पाठव."

"जशी आज्ञा. आणि बुर्झिन, मालक?"

"कोण बुर्झिन?" वराझ म्हणाला. "तुझ्या मुलाचं नाव मला कशाला माहीत असायला हवं." मग तो लोकांकडे वळला, नाणं उंच धरून दाखवलं, आणि नगारे सुरू झाले.

अनोशगला चक्कर आली, बायकांनी तिला धरलं. बुर्झिनला काय झालं ते समजायला थोडा वेळ लागला. म्हातारी दीनग तोंडाने काही पुटपुटत होती. लोक ऐरणीभोवती सरकले, मिठाई वाटली जाऊ लागली, आणि त्या गडबडीतून वाट काढत माहबोझान भिंतीशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. चार दिवस तो पायरीवर बसून हेच जुळवत होता. चाळीस नाणी त्याने काल वेहशापूरच्याच हाती अग्निगृहात, राखेच्या कोठीत ठेवायला दिली होती, आणि धाकट्याने ती मुकाट्याने घेतली होती. हे सगळं तो तिला एका श्वासात सांगत होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, लहानपणी पहिला ठसा बरा उमटला की तिला दाखवायला धावत यायचा, तसा.

"ताई, बोललो मी," तो म्हणाला.

आझरमीने त्याच्याकडे पाहिलं. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. बुर्झिन वाचला होता, आग स्वच्छ झाली होती. पण ती ज्या जागी उभी होती, तिथेच, याच ऐरणीच्या पलीकडे, दहा महिन्यांपूर्वी मेज मांडलं होतं आणि नावं लिहिली जात होती. तेव्हाही तिसफून होतंच. तेव्हाही तिथे नमुने जात होते. सुभेदाराने नाकाला हात लावला तेव्हाही हेच विचारून दोन्ही पोरांसाठी मागता आलं असतं.

"एवढंच बोलायचं होतं, माहबोझान?"

त्याला आधी समजलं नाही. तो हसतच होता. मग समजलं, आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं. आझरमी थांबली नाही. तिने आईचा हात बुर्झिनच्या हातात दिला, पदर डोक्यावरून घेतला आणि नगाऱ्यांच्या आवाजातून एकटीच फाटकाबाहेर पडली.